आश्रय आणि उपजीविका : काम-परवान्याच्या मुदतीचा इतिहास

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित राजाची कथा आली आहे. राजाची कोठारे भरलेली होती. परंतु जनपदात चोऱ्या आणि लुटालूट माजली होती. अशा वेळी राजाच्या मनात महायज्ञ करावयाचे आले. त्याच्या पुरोहिताने त्यास सांगितले की, पीडित प्रजेवर नवा कर बसविणे योग्य नव्हे, आणि चोरांना ठार मारून किंवा बंदीत टाकूनही हा उपद्रव समूळ नाहीसा होणार नाही. शेती आणि गोपालन करणाऱ्यांस बी-बियाणे द्यावे, व्यापार करणाऱ्यांस भांडवल द्यावे, राजाच्या चाकरीत असणाऱ्यांस अन्न व वेतन द्यावे. लोक आपापल्या कामात गुंतले म्हणजे ते राज्याला पीडा देणार नाहीत. पूर्वजन्मी तो पुरोहित आपणच होतो, असे तथागतांनी या सुत्तात सांगितले आहे.

उपजीविका ही राजाने कृपावंत होऊन टाकलेली भीक नसून राज्यव्यवस्थेचा पाया आहे, हा या कथेचा आशय बौद्ध वाचकास परिचित आहे. परंतु कथेतील शेतकरी, व्यापारी आणि चाकर हे त्या राजाची प्रजा होते. जो मनुष्य दुसऱ्या राज्यातून जीव वाचवून आला आहे, ज्याला ‘येथे राहा’ असे म्हटले गेले आहे, परंतु जो प्रजाजन नाही, त्याच्या उपजीविकेचे काय? हा प्रश्न जुना आहे. मात्र पारपत्रे, सीमा-चौक्या आणि कामगार-कायदे यांच्या युगात, म्हणजे विसाव्या शतकात, त्याला आजचे रूप आले. हे रूप एका कागदाचे आहे. त्या कागदावर काम करण्याची परवानगी लिहिलेली असते आणि ती कोणत्या दिवशी संपते तेही लिहिलेले असते.

प्रस्तुत लेखात आम्ही या मुदतीचा इतिहास पाहणार आहोत. आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ज्याने आश्रयासाठी अर्ज केला आहे व ज्याचा निर्णय व्हावयाचा आहे, त्यास आम्ही ‘आश्रयार्थी’ म्हणतो. ज्याचा अर्ज तपासून राज्याने आश्रय मंजूर केला आहे, तो ‘आश्रित’. आमचा विषय मुख्यतः आश्रिताचा आहे. त्याच्याविषयीचा संशय निर्णयाच्या वेळीच फिटलेला असतो. तरीही त्याचा आश्रय अनिश्चित काळाचा आणि काम करण्याचा कागद मात्र वर्ष-दोन वर्षांचा, असे का घडते आणि त्यातून काय निष्पन्न होते, हे आम्हांस पाहावयाचे आहे.

नान्सेन प्रमाणपत्र

रशियातील क्रांती आणि यादवी युद्ध यांमुळे लक्षावधी माणसे देशोधडीला लागली. १९२१ च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत शासनाने परदेशी गेलेल्या अशा असंख्य लोकांचे नागरिकत्व काढून घेतले. त्याच वर्षी राष्ट्रसंघाने नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांना रशियन निर्वासितांसाठी उच्चायुक्त नेमले होते. ज्यांचे कोणतेही राज्य उरले नाही त्यांना कोणते पारपत्र द्यावे, हा पेच नान्सेन यांच्यापुढे उभा राहिला. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या परिषदेत ओळखीच्या एका प्रमाणपत्राची योजना संमत झाली. हेच पुढे ‘नान्सेन पारपत्र’ म्हणून प्रसिद्धीस आले. १९२४ मध्ये ते आर्मेनियन निर्वासितांनाही देण्यात येऊ लागले आणि कालांतराने पन्नासाहून अधिक राज्यांनी ते मान्य केले. व्लादिमिर नाबोकोव्ह यांच्यासारख्या लेखकानेही याच कागदावर प्रवास केला. नान्सेन यांना १९२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रमाणपत्राची मुदत सामान्यतः एक वर्षाची असे. वर्ष संपले की नूतनीकरण. १९२६ च्या करारानुसार त्यावर पाच सुवर्ण फ्रँक किमतीचे तिकीट लावावयाचे ठरले. त्या पैशांतून गरीब निर्वासितांना साहाय्य करण्यात येई आणि निर्धनास तिकिटातून सूटही होती. योजना दयाबुद्धीची होती यात शंका नाही. परंतु हा कागद ओळख पटवीत होता, काम देत नव्हता. ही उणीव ओळखूनच १९२५ ते १९२९ या काळात निर्वासितांना रोजगार मिळवून देण्याचे काम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे सोपविण्यात आले. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळ गमावलेल्या फ्रान्सला तेव्हा कामगार हवेच होते. बाल्कन प्रदेशात अडकून पडलेले अनेक रशियन तेथील कारखान्यांत आणि शेतांवर पोहोचले.

पुढे महामंदी आली. १० ऑगस्ट १९३२ रोजी फ्रान्सने स्वदेशी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा केला व परकीय कामगारांच्या प्रमाणावर मर्यादा घालण्याचा मार्ग मोकळा केला. कालपर्यंत हवासा वाटणारा निर्वासित आज ‘परकीय’ ठरला. अन्य परकीय कामगार निदान मायदेशी परतू शकत होते. निर्वासितास परतावयास देशच नव्हता. येथे आश्रय आणि काम यांची फारकत प्रथमच इतक्या उघडपणे दिसली. राहण्यास बंदी नाही, पण पोट भरण्यास वाव नाही, अशी ती अवस्था होती.

या अनुभवाचे उत्तर २८ ऑक्टोबर १९३३ च्या करारात दिसते. नान्सेन प्रमाणपत्राची मुदत एका वर्षाहून कमी असू नये, असे त्यात ठरले. स्वदेशी कामगारांच्या रक्षणासाठी केलेली बंधने निर्वासितांवर पूर्ण कठोरपणे लादू नयेत असेही त्यात म्हटले होते. जो तीन वर्षे त्या देशात राहिला आहे, ज्याचा जोडीदार त्या देशाचा नागरिक आहे, ज्याचे मूल तेथील नागरिक आहे किंवा जो महायुद्धात लढला आहे, अशा निर्वासितावरील बंधने आपोआप निलंबित व्हावयाची होती. हा करार फार थोड्या राज्यांनी स्वीकारला. तथापि त्यातील ‘आपोआप’ या शब्दाचे महत्त्व मोठे आहे. ठरावीक काळ गेला की माणसाने पुन्हा हात पसरू नयेत, हा विचार येथे प्रथमच आंतरराष्ट्रीय करारात उतरला.

१९५१ चा करार : काय बोलला, कोठे मौन राहिला

दुसऱ्या महायुद्धानंतर २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे निर्वासितांच्या दर्जाविषयीचा करार संमत झाला. तो २२ एप्रिल १९५४ पासून अमलात आला. त्याचे सतरावे कलम पगारी कामाविषयी, अठरावे स्वतंत्र धंद्याविषयी आणि एकोणिसावे वैद्यक, वकिली यांसारख्या व्यवसायांविषयी आहे. पगारी कामाच्या बाबतीत, कायदेशीर वास्तव्य असलेल्या निर्वासितास त्याच परिस्थितीतील परदेशी नागरिकांपैकी ज्यांना सर्वांत अनुकूल वागणूक मिळते त्यांच्याइतकी वागणूक द्यावी, असे सतरावे कलम सांगते. १९३३ च्या करारातील तीन वर्षांच्या वास्तव्याची, जोडीदाराची आणि मुलाची अट याही कलमात पुन्हा आली आहे; या अटींपैकी एक पूर्ण होताच स्वदेशी कामगारांच्या रक्षणासाठीची बंधने त्या निर्वासितास लागू होत नाहीत. सर्व निर्वासितांना या बाबतीत नागरिकांच्या बरोबरीस आणण्याचा राज्यांनी सहानुभूतीने विचार करावा, असेही त्यात म्हटले आहे.

करार एवढे बोलला. परंतु काम-परवाना किती वर्षांचा असावा, त्याचे नूतनीकरण कोणी, किती दिवसांत करावे आणि कार्यालयास उशीर झाल्यास त्याचा भार कोणी सोसावा, याविषयी तो मौन राहिला. प्रवासपत्राविषयी मात्र त्याच्या परिशिष्टात मुदत दिली आहे : देणाऱ्या अधिकाऱ्याच्या इच्छेनुसार एक किंवा दोन वर्षे. नान्सेन यांच्या काळातील वार्षिक कागदाची सवय अशा रीतीने नव्या करारातही उतरली. शिवाय सतराव्या कलमाबाबत अनेक राज्यांनी करार स्वीकारतानाच अपवाद नोंदवून ठेवले. माणसाला परत छळाच्या तोंडी न देण्याचे बंधन राज्यांनी मान्य केले. त्याला कमावू देण्याचे बंधन मान्य करताना मात्र त्यांचा हात आखडला. मौनाच्या या जागेत पुढे प्रत्येक राज्याचे नियम आणि परिपत्रके येऊन बसली.

अमेरिकेतील उदाहरण

हे कसे घडते ते पाहण्यासाठी आम्ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे उदाहरण घेत आहोत. आश्रिताचा काम करण्याचा अधिकार तेथे कायद्यात निःसंदिग्ध लिहिलेला आहे आणि त्याच्या कागदाची मुदत थोड्या काळात वारंवार बदललेली आहे. धम्मबांधवांच्या दृष्टीनेही हे उदाहरण दूरचे नाही. १९९० च्या स्थलांतर कायद्याने भारत व नेपाळ येथे राहणाऱ्या एक हजार तिबेटी लोकांना स्थलांतराचे व्हिसा दिले. त्यानंतर न्यू यॉर्क आणि मिनेसोटा येथे तिबेटी वस्ती वाढत गेली, आणि पुढे आलेल्यांपैकी अनेकांनी आश्रयाची वाट धरली.

अमेरिका १९६८ मध्ये निर्वासितविषयक १९६७ च्या पूरक करारात सामील झाली. १७ मार्च १९८० रोजी तेथील निर्वासित कायदा मंजूर झाला आणि आश्रय देण्याची रीत प्रथमच कायद्याने बांधली गेली. आश्रय मिळाल्यावर एक वर्षाने कायम रहिवासाचा अर्ज करण्याची सोय त्यात होती. परंतु वर्षाकाठी पाच हजार आश्रितांनाच कायम रहिवास मिळू शकत होता. १९९० मध्ये ही मर्यादा दहा हजार करण्यात आली. आश्रय मिळालेल्यांची संख्या त्याहून कितीतरी अधिक असल्याने रांग वर्षानुवर्षे लांबत गेली. ही मर्यादा २००५ मध्ये रद्द झाली. तोपर्यंत रांगेत उभ्या असलेल्या आश्रिताच्या हाती तात्पुरत्या मुदतीचा कागदच होता.

दरम्यान १९८६ मध्ये आणखी एक कायदा झाला. कामावर घेतलेल्या प्रत्येक माणसास काम करण्याचा अधिकार आहे की नाही, हे कागदपत्रांवरून तपासण्याची जबाबदारी मालकावर आली व चुकल्यास दंडाची तरतूद झाली. या कायद्याचा रोख आश्रितांवर नव्हता. पण त्याचा परिणाम असा झाला की, अधिकार असणे पुरेसे राहिले नाही. तो कामाच्या पहिल्याच दिवसांत कागदाने सिद्ध करता येणे आवश्यक झाले.

आश्रिताच्या अधिकाराविषयी कायद्याची भाषा स्पष्ट आहे. ज्यास आश्रय दिला त्यास शासनाने काम करण्याची अनुमती द्यावी आणि त्या अनुमतीची नोंद असलेला योग्य दाखला द्यावा, असे ती सांगते. नियमांतही आश्रित हा आपल्या दर्जामुळेच काम करण्यास पात्र मानला आहे. त्याच्या परवान्यावर ‘ए-५’ असा प्रवर्ग असतो. याचा अर्थ असा की, परवाना त्याला अधिकार देत नाही. असलेल्या अधिकाराचा तो पुरावा आहे. कार्डाची मुदत संपली म्हणून आश्रय संपत नाही आणि काम करण्याचा अधिकारही संपत नाही. चालकाचा परवाना आणि काही निर्बंध न छापलेले सामाजिक सुरक्षा पत्र अशी दोन कागदपत्रे दाखवूनही आश्रित कामावर लागू शकतो. अमुकच कागद दाखवा, असा आग्रह मालकाने धरू नये, असाही तेथे कायदा आहे. आश्रयार्थीची गोष्ट निराळी आहे. १९९६ च्या कायद्याप्रमाणे त्याला अर्ज केल्यापासून १८० दिवसांच्या आत काम-परवाना मिळू शकत नाही, आणि मिळाला तरी तो अर्जाच्या भवितव्याशी बांधलेला असतो.

असे असूनही व्यवहार कसा चालतो? दुकानदार, रुग्णालयाचा व्यवस्थापक, कारखान्याचा मुकादम यांना कायद्याचे कलम ठाऊक नसते. त्यांना छायाचित्र असलेले कार्ड आणि त्यावरील तारीख दिसते. तारीख उलटली की ‘नवे कार्ड आणा, तोवर येऊ नका’ हे उत्तर तयार असते. मे २००२ मध्ये अमेरिकी संसदेने, आश्रय मंजूर होताच छायाचित्र व अंगुलिमुद्रा असलेला काम-परवाना तत्काळ द्यावा असा कायदा केला, तो पुराव्याचे हे महत्त्व ओळखूनच. २००४ मध्ये मिनेसोटातील संघीय न्यायालयापुढे आश्रितांच्या वतीने सामुदायिक दावा चालला. कायम रहिवासाच्या उपलब्ध जागा शासनाने न वापरता वाया घालविल्या आणि काम-परवान्याचे दरवर्षी नूतनीकरण करावयास लावले, अशा त्यातील तक्रारी होत्या. न्यायालयाने निकाल आश्रितांच्या बाजूने दिला. कायद्याने दिलेला अधिकार वर्षागणिक मागून घ्यावयाचा नसतो, हे तत्त्व येथे न्यायालयाच्या तोंडून आले.

परंतु मुदतीचा प्रश्न मिटला नाही. पुढे आश्रितांच्या कार्डाची मुदत दोन वर्षांची असे. अर्जांचे ढीग साचल्यामुळे नवे कार्ड येण्याआधीच जुन्याची मुदत संपे. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २०१७ पासून असा नियम झाला की, नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला असल्यास जुन्या कार्डाची मुदत १८० दिवस आपोआप वाढलेली मानावी. तेही अपुरे पडले, तेव्हा मे २०२२ मध्ये हा काळ तात्पुरता ५४० दिवसांपर्यंत वाढविला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये ती वाढ कायम करण्यात आली. त्यापूर्वी सप्टेंबर २०२३ मध्ये आश्रितांसह अनेक प्रवर्गांच्या कार्डाची कमाल मुदत पाच वर्षे झाली होती. वारंवार येणाऱ्या अर्जांचा भार कमी व्हावा हा त्यामागील हेतू होता.

त्यानंतर चक्र उलटे फिरले. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळणे बंद करण्यात आले. कायद्याने दिलेले मोजके अपवाद तेवढे राहिले. ५ डिसेंबर २०२५ पासून कमाल मुदत पाच वर्षांवरून अठरा महिन्यांवर आली. ती त्या दिवशी प्रलंबित असलेल्या अर्जांनाही लागू झाली. सुरक्षेसाठी माणसांची तपासणी अधिक वेळा व्हावी, असे याचे कारण देण्यात आले.

या दोन्ही निर्णयांचा एकत्र परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. पाच वर्षांत जेथे एक अर्ज पुरत असे तेथे आता तीन-चार करावे लागतील. म्हणजे कार्यालयातील ढीग वाढणार. ढीग वाढला की उशीर वाढणार, आणि उशिराच्या काळात तग धरण्यासाठी जो पूल होता तो काढून घेतलेला आहे. आश्रिताच्या अधिकारास कायद्यात कोठेही धक्का लावलेला नाही. कलम जसेच्या तसे आहे. तरीही एखाद्या गृहस्थाचे काम मधल्या काही महिन्यांत सुटू शकते आणि त्याबरोबर घरभाडे व मुलांचे पोषण यांचीही घडी विस्कटू शकते. आमच्या प्रतिपादनाचा गाभा हाच आहे. अधिकार न नाकारता केवळ पुराव्याची मुदत आखडून अधिकार पोकळ करता येतो, आणि गेल्या शंभर वर्षांत हे अनेक वेळा घडले आहे.

आपल्या देशात

दुसऱ्या देशाकडे बोट दाखवून थांबणे योग्य होणार नाही. भारताने १९५१ चा करार किंवा १९६७ चा पूरक करार स्वीकारलेला नाही. आश्रयाचा स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. येथे आश्रिताच्या नावाने काम-परवाना दिला जात नाही. त्याच्या आयुष्याची किल्ली निराळ्या कागदात असते.

मार्च १९५९ मध्ये परमपावन दलाई लामा भारतात आले व त्यांच्यामागे सहस्रावधी तिबेटी आले. प्रारंभी त्यांतील अनेकांनी हिमालयातील रस्ते बांधण्याचे कष्टाचे काम केले. नंतर कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोड, आज छत्तीसगडमध्ये असलेले मैनपाट अशा ठिकाणी शेतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. आपल्या महाराष्ट्रात १९७२ मध्ये तेव्हाच्या भंडारा व आताच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगाव परिसरात नॉर्ग्येलिंग ही वसाहत स्थापन झाली. धानाची शेती आणि हिवाळ्यात शहरोशहरी जाऊन लोकरीचे कपडे विकणे, यांवर अशा वसाहतींतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालत आला आहे. थंडीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला स्वेटर विकणाऱ्या तिबेटी भगिनी आपल्या वाचकांनी पाहिल्याच असतील.

भारतीय कायद्याच्या दृष्टीने हे लोक ‘परकीय’ आहेत. त्यांच्याजवळ नोंदणीपत्र असते आणि ते मुदतीचे असते. अनेक वर्षे त्याचे वर्षा-वर्षाने नूतनीकरण करावे लागे. २०१२ च्या सुमारास दीर्घकाळ येथे राहणाऱ्यांसाठी ही मुदत पाच वर्षांची झाली. हे पत्र म्हणजे काम-परवाना नव्हे. परंतु ते नसेल तर वास्तव्य कायदेशीर ठरत नाही, आणि वास्तव्यच डळमळीत असेल तर व्यापार, भाड्याचे घर, बँकेचे खाते, बाहेरगावचा मुक्काम या साऱ्यांस अडथळा येतो. २०१४ मध्ये केंद्र शासनाने तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. नोंदणीपत्र असणाऱ्यांना व्यापाराचे परवाने द्यावेत आणि परिचर्या, अध्यापन, वैद्यक, अभियांत्रिकी अशा ज्या क्षेत्रांत त्यांची पात्रता असेल त्यांत काम करू द्यावे, असे त्यात राज्यांना सुचविले आहे. ही मोठीच सोय आहे. तथापि ती धोरणाच्या रूपात आहे, कायद्याच्या रूपात नाही. १९३९ चा परकीयांच्या नोंदणीचा कायदा व १९४६ चा परकीयांविषयीचा कायदा यांची जागा सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. त्यातही ‘आश्रित’ असा स्वतंत्र अधिकारी वर्ग निर्माण झालेला नाही.

येथे आपल्या संविधानाकडे वळले पाहिजे. बाबासाहेब डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सिद्ध केलेल्या मसुद्यातून आलेल्या या ग्रंथात ‘नागरिक’ आणि ‘व्यक्ती’ हे शब्द जाणीवपूर्वक वेगळे वापरले आहेत. कोणताही व्यवसाय करण्याचे एकोणिसाव्या अनुच्छेदातील स्वातंत्र्य नागरिकांना आहे. जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे एकविसाव्या अनुच्छेदातील संरक्षण मात्र प्रत्येक व्यक्तीला आहे. १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या लोकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या निकालपत्रातून, उपजीविकेचा अधिकार हा जीविताच्या अधिकाराचाच भाग आहे असे सांगितले. न्याय्य रीतीने केलेल्या कायद्याखेरीज तो हिरावता येत नाही. १९९६ मध्ये चकमा लोकांविषयीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने, एकविसाव्या अनुच्छेदाचे संरक्षण नागरिक असो वा नसो, प्रत्येक मनुष्यास आहे असा निर्वाळा दिला. हे चकमा लोक धर्माने बौद्ध आहेत. काप्ताई धरणाने त्यांची भूमी बुडाली. १९६४ पासून चितगावच्या डोंगराळ मुलखातून ते भारतात आले आणि आजच्या अरुणाचल प्रदेशात शासनानेच त्यांना वसविले. न्यायालयाने त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आणि त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज रीतसर पुढे पाठविण्याचा आदेश दिला.

हे दोन निकाल शेजारी ठेवले असता आम्हांस एक निष्कर्ष अटळ वाटतो. जीवितात उपजीविका येते, आणि जीविताचे संरक्षण परकीयासही आहे. तेव्हा आश्रिताच्या उपजीविकेस आपल्या संविधानात काहीएक आधार आहे. ही जोड आमची आहे, आणि न्यायालये ती कोठवर मान्य करतील हा पुढचा प्रश्न आहे. परंतु तिची दिशा कूटदन्त सुत्ताच्या दिशेहून वेगळी नाही.

निस्सय आणि नूतनीकरण

राज्याने आश्रिताची पुन्हा पुन्हा चौकशी करूच नये काय, असा आक्षेप येईल. तो उडवून लावण्याजोगा नाही. खोटे कागद होतात, माणसे बदलतात, परिस्थितीही बदलते. आश्रय देणारे राज्य डोळे मिटून राहू शकत नाही. संघानेही प्रवेश देताना डोळे मिटलेले नव्हते. ऋणकरी, दास किंवा राजाच्या चाकरीतील सैनिक यांना प्रव्रज्या देऊ नये असे नियम विनयात आहेत. मुदतीची कल्पनाही विनयास अपरिचित नाही. महावग्गातील ‘निस्सय’ ही व्यवस्था येथे विचारात घेण्यासारखी आहे.

उपसंपदा मिळालेल्या नव्या भिक्खूने उपज्झाय किंवा आचरिय यांच्या आश्रयाने राहावे, असा हा नियम आहे. प्रथम ही मुदत दहा वर्षांची होती. पुढे जो समर्थ व व्युत्पन्न आहे त्याच्यासाठी ती पाच वर्षे करण्यात आली. पाच वर्षे पूर्ण झालेला समर्थ भिक्खू निस्सयातून मुक्त होतो. या काळात शिष्याची कर्तव्ये आहेत तशीच गुरूचीही आहेत. शिष्याला पात्र-चीवर मिळते की नाही, तो आजारी पडला तर त्याची शुश्रूषा होते की नाही, हे गुरूने पाहावयाचे आहे. आणि जो प्रवासात आहे, जो आजारी आहे, जो आजाऱ्याची सेवा करीत आहे, त्यास निस्सय मिळत नसेल तर तेवढा काळ निस्सयाविना राहण्याची अनुज्ञा तथागतांनी दिली आहे.

संघाचा नियम आणि राज्याचा कायदा एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. भिक्खू स्वेच्छेने संघात येतो. आश्रितास इच्छा विचारलेली नसते. तरीही मुदतीमागील बुद्धी पारखण्यासाठी ही व्यवस्था उपयोगी पडते. निस्सयाची मुदत मोकळे होण्याकडे नेते. समर्थतेनुसार ती घटते. जे शिष्याच्या हाती नाही त्याचा दंड शिष्यावर पडत नाही. काम-परवान्याची मुदत या कसोट्यांवर घासून पाहिली तर काय दिसते? दर नूतनीकरणाला माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो. दहा वर्षे प्रामाणिकपणे काम केलेला आणि काल आलेला यांच्या कार्डावर सारखीच मुदत असते. आणि कार्यालयास उशीर झाला तर त्याची किंमत अर्जदार मोजतो.

यावरून तीन गोष्टी मागता येतात, आणि त्या मागताना चौकशीचा राज्याचा अधिकार नाकारण्याचे कारण पडत नाही. एक, आश्रय जोवर आहे तोवर त्याचा पुरावाही असावा. चौकशी करावयाची तर ती आश्रयाच्या निर्णयाची करावी, पोटाच्या कागदाची नव्हे. दोन, अर्ज वेळेत केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना कागद चालावा. तीन, नूतनीकरणाच्या मालिकेला शेवट असावा. १९३३ च्या करारातील तीन वर्षांच्या तरतुदीने तो दाखविला होता. आपल्या देशातही, १९५० ते १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानेच नागरिक आहेत, हे २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मान्य केले, तेव्हा अशा अनेकांना नोंदणीपत्राच्या मुदतीतून बाहेर पडण्याची वाट मिळाली.

अष्टांगिक मार्गात सम्मा आजीव हे एक अंग आहे. त्याचा उपदेश आपण उपासकास करतो : शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नको, प्रामाणिक कष्टाने जग. दीघजाणु कोलियास उपदेश करताना तथागतांनी गृहस्थाच्या ऐहिक हितासाठी पहिली सांगितली ती उट्ठानसंपदा, म्हणजे आपल्या उद्योगात दक्ष व कुशल असणे. ज्याच्या हातून काम काढून घेतले आहे त्याने हा उपदेश कसा आचरावा? परवान्याविना तो चोरून काम करील तर कायदा मोडतो आणि लबाड मालकाच्या तावडीत सापडतो. करणार नाही तर दुसऱ्याच्या दानावर जगतो. माणसास सम्यक आजीविकेचा उपदेश करणाऱ्या समाजाने तिची वाट खुली राहील हेही पाहिले पाहिजे. नॉर्ग्येलिंगचा शेतकरी असो, मिनेसोटातील रुग्णालयात काम करणारा तिबेटी असो किंवा अरुणाचलातील चकमा, त्यांच्या कागदावरील तारखेकडे आपण धम्माच्या या अंगाचा प्रश्न म्हणून पाहावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.